टोपी बाजारातले अमृत

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्यालगत, टोपी बाजार नावाची एक जुनी पेठ आहे. टोपी घालणाऱ्यांची संख्या आता रोडावली असली तरी पेठेचे नाव टिकून आहे. मराठीत 'टोपी घालणे' या शब्दप्रयोगाला जो दुसरा अर्थ आहे, त्याच्याशी या पेठेतील दुकानदारांचा काहीएक संबंध नाही, हे आरंभीच सांगून ठेवणे बरे. कारण आम्ही जे सांगणार आहोत ते तेथील कोणत्याही दुकानात घडलेले नाही. ते घडले पेठेच्या पाठीमागच्या गल्लीत, एका मराठी घराच्या माडीवर. आणि ज्याने टोपी घातली तो परका नव्हता, घरचाच होता.

आमचे मूळ घर सावंतवाडीकडचे. आजोबा शिंदे सरकारच्या नोकरीत लष्करला गेले आणि कुळाची एक शाखा तेथेच रुजली. आम्ही दुसऱ्या शाखेचे, पुन्हा समुद्राकाठी येऊन राहिलेले. गेल्या माघात एका मुंजीच्या निमित्ताने चार दिवस त्या घरी राहण्याचा योग आला. दुपारची पंगत उठल्यावर, पान खाऊन मंडळी लवंडण्याच्या बेतात असता, आमच्या चुलतभावाच्या मुलाने सर्वांस माडीवर बोलावले. वर भिंतीला एक तक्ता टांगलेला, त्यावर रोगांची नावे: मधुमेह, सांधेदुखी, मोतीबिंदू, रक्तदाब, अर्धांगवायू, कर्करोग. मोजदाद आम्ही केली नाही. पण मनुष्यदेहाला होऊ शकेल असा एकही विकार त्यातून सुटला नसावा. तक्त्यापुढे मेजावर मखमलीचे अस्तर लावलेल्या पेटीत जांभळ्या रसाच्या बाटल्या. मुलगा शिकलेला, बोलण्यात गोड. म्हणाला, "काका, हे औषध नाही, म्हणूनच याचा अपाय नाही." आणि लगेच पुढच्या श्वासात, "आणि गुण मात्र औषधाच्या दुप्पट."

हे दुसरे वाक्य खरे असेल तर पहिले खोटे असले पाहिजे, एवढे तर्कशास्त्र त्या माडीवर जमलेल्या वीसपंचवीस पदवीधरांपैकी कोणी चालवले नाही. बाटल्या विकल्या गेल्या. एका वहिनींनी तर स्वतःच विक्रेती होण्याचा अर्ज तेथल्या तेथे भरला.

माडीवर आमच्या आत्याबाई नव्हत्या. त्या खाली ओसरीतल्या खाटेवर होत्या, उजव्या पायाला पट्टी बांधलेली. वीस वर्षांचा मधुमेह. गोळ्या वेळच्या वेळी घेणारी, पथ्य सांभाळणारी बाई. दोन वर्षांपूर्वी याच मुलाने त्यांना असाच एक रस सुरू करून दिला आणि सांगितले की आता गोळ्या हळूहळू कमी करा, फळांतली द्रव्ये आपले काम करतील. त्यांनी गोळ्या हळूहळू कमी केल्या, पुढे सोडल्याच. रक्तातील साखर मोजायची नाही, कारण मोजण्याने मनाला धास्ती बसते, हीही शिकवण त्याच वेळची. पायाला चप्पल चावली, जखम चिघळली, ताप आला तेव्हा रुग्णालयात नेले. साखर चारशेच्या वर गेलेली होती. दोन बोटे काढावी लागली. आम्ही रागाने काही बोलू लागलो तेव्हा त्यांनीच हात वर करून थांबवले. "अरे, घरच्या पोराच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, तर मग कुणाच्या ठेवायचा?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तेव्हा देता आले नाही. हा लेख त्यासाठीच लिहिला आहे.

आमचे फळांशी वैर नाही. ज्याच्या परसात रातांबा आणि जांभूळ वाढले त्याने ते धरावे तरी कसे? आमचे वैर आहे ते एका शब्दाशी, किंवा त्या शब्दाच्या आडून चाललेल्या व्यापाराशी. तो शब्द म्हणजे अँटिऑक्सिडंट. मराठीत त्याला ऑक्सिडीकरणरोधक म्हणता येईल. परंतु विक्रेते तो मराठीत कधीच म्हणत नाहीत, कारण भाषांतर केले की त्यातली जादू उतरते आणि अर्थ विचारण्याचे धैर्य ऐकणाऱ्यास होते.

अर्थ असा. शरीरात प्राणवायूच्या वापरातून काही अस्थिर, चपळ रेणू उत्पन्न होतात व ते पेशींना इजा करू शकतात. वार्धक्याचे कारण हेच असावे, अशी उपपत्ती डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडली. फळांच्या सालीत व रंगात असलेली काही द्रव्ये परीक्षानळीत या रेणूंना निष्प्रभ करतात, हेही खरे. यावरून अशी साखळी जोडली गेली की ही द्रव्ये जितकी अधिक पोटात जातील तितके वार्धक्य व रोग दूर राहतील. साखळी दिसायला मजबूत आहे. तिचा प्रत्येक दुवा तपासला तेव्हा काय झाले, हे मात्र माडीवर सांगत नाहीत.

पहिली गोष्ट, हे चपळ रेणू केवळ शत्रू नव्हेत. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना मारतात त्या याच रेणूंच्या साहाय्याने. शिवाय त्यांना आवरण्यासाठी शरीराची स्वतःची विकरे असतात. त्यांपैकी एका प्रमुख विकराचा शोध १९६९ मध्ये लागला. म्हणजे घरात पहारेकरी आधीपासून आहेत. बाहेरून आणखी हजार पहारेकरी घुसवले तर घर सुरक्षित होईलच, असे नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्यक्ष माणसांवर करून पाहिलेले प्रयोग. १९९४ मध्ये फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटीन हे त्या काळी या द्रव्यांचे मुकुटमणी मानले जाई. ते ज्यांना रोज देण्यात आले त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. कमी नव्हे, अधिक! अमेरिकेत सुमारे १८ हजार लोकांवर चाललेली तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली, कारण तेथेही अपाय दिसू लागला होता. पुढे कोपनहेगनच्या संशोधकांनी ७८ चाचण्या व सुमारे तीन लाख माणसे एकत्र घेऊन २०१२ मध्ये हिशेब मांडला. अशा गोळ्यांनी आयुष्य वाढते असा पुरावा त्यांस मिळाला नाही, आणि बीटा-कॅरोटीन व ई जीवनसत्त्व यांच्या बाबतीत मृत्यूचे प्रमाण किंचित वाढत असावे असे दिसले.

कोणी म्हणेल, गोळी वेगळी आणि फळ वेगळे. बरोबर आहे, आम्हीही तेच म्हणतो. पण विक्रेता जो तर्क चालवतो तो फळाचा नाही, गोळीचा आहे: द्रव्य चांगले, म्हणून अधिक द्रव्य अधिक चांगले. बाटलीवर जो आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो तो याच तर्काचा. अमेरिकेच्या कृषिखात्याने निरनिराळ्या खाद्यांच्या अशा आकड्यांची एक यादी प्रसिद्ध केली होती. २०१२ मध्ये त्या खात्याने ती स्वतःच मागे घेतली, आणि कारण स्पष्ट सांगितले: परीक्षानळीतील आकड्याचा शरीरातील परिणामाशी संबंध सिद्ध झालेला नाही, आणि व्यापारी लोक त्याचा दुरुपयोग करीत आहेत. ज्याने यादी केली त्याने ती रद्द केली. आमच्या माडीवर ती अजून टांगलेली आहे.

या आकड्यांची एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. सफरचंद खाल्ल्यावर माणसाच्या रक्ताची ही ऑक्सिडीकरणरोधक शक्ती वाढलेली आढळते. ऑरेगनमधील दोन संशोधकांनी २००४ मध्ये ती कशाने वाढते हे शोधून काढले. सालीतल्या द्रव्यांनी नव्हे! ती द्रव्ये रक्तात अत्यल्प पोचतात आणि लगोलग बाहेर टाकली जातात. वाढ होते ती फळातील फ्रुक्टोज साखरेमुळे रक्तातील यूरिक आम्ल चढल्याने. आणि यूरिक आम्ल हेही परीक्षानळीत उत्तम ऑक्सिडीकरणरोधक आहे. तेच आम्ल अति झाले की सांध्यांत साचून गाऊट होतो. तक्त्यावर सांधेदुखीचे नाव होते, हे वाचकांस स्मरत असेल.

आता त्या रसांकडे वळू. आत्याबाईंना दिलेला रस नोनीचा होता. ताहितीच्या बेटांवरचे दिव्य फळ म्हणून त्याची कीर्ती सांगितली जाते. आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी हे झाड समुद्रकाठी पाहिले असेल. मराठीत त्याला बारतोंडी म्हणतात. ताहितीला जाण्याचे कारण नाही. फळ पिकले की त्याला कुजलेल्या चीजसारखा उग्र वास येतो, आणि ते कोणी आवडीने खाल्ल्याचे आमच्या किनाऱ्यावर तरी आम्ही पाहिलेले नाही. ग्वाल्हेरच्या शेजारच्या बुंदेलखंडात याच कुळातील झाडांची एके काळी शेती होत असे, पण मुळांसाठी. त्या मुळांतून 'आल' नावाचा लाल रंग काढीत व त्याने खारवा रंगवीत. व्यापाऱ्यांच्या वह्यांची लाल वेष्टने याच खारव्याची असत. १८६९ च्या सुमारास जर्मन रसायनज्ञांनी कृत्रिम अलिझरीन बनवले आणि पुढे तो धंदा बुडाला. जे झाड वहीच्या वेष्टनामुळे व्यापाऱ्याच्या उपयोगी पडत असे, ते आता वहीतील जमेच्या बाजूने उपयोगी पडू लागले आहे.

या रसाची जागतिक विक्री ज्या अमेरिकन कंपनीने १९९६ मध्ये सुरू केली, तिच्या रोगनिवारणाच्या दाव्यांवर दोनच वर्षांत, १९९८ मध्ये, तेथील चार राज्यांच्या महान्यायवादींनी हरकत घेतली. कंपनीने एक लाख डॉलर भरून, सिद्ध न झालेले दावे करणार नाही असे मान्य केले. २००५ मध्ये ऑस्ट्रियातील वैद्यांनी नोनी घेणाऱ्यांना यकृताचा तीव्र दाह झाल्याची उदाहरणे प्रसिद्ध केली. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००६ मध्ये तपासून, नेहमीच्या प्रमाणात घेतलेल्या रसानेच हे घडले असण्याचा संभव कमी, असे मत दिले. यकृताचा मुद्दा आम्ही त्यामुळे ताणत नाही. पण पोटॅशियमचा मुद्दा सोडता येणार नाही. नोनीच्या रसात संत्र्याच्या वा टोमॅटोच्या रसाइतकेच पोटॅशियम असते, आणि मूत्रपिंड दुबळे असलेल्या एका रोग्याच्या रक्तात ते धोकादायक पातळीस गेल्याचे वृत्त २००० सालापासून वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले आहे. जुन्या मधुमेह्यांपैकी अनेकांची मूत्रपिंडे दुबळी झालेली असतात. हा रस कोणास आग्रहाने पाजला जातो? जुन्या मधुमेह्यांसच!

डाळिंबाची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण डाळिंब हे खरोखर खाण्याचे फळ आहे आणि त्याच्या रसाने रक्तदाब थोडासा उतरतो असे काही छोट्या चाचण्यांत दिसलेही आहे. पण 'थोडासा' आणि 'काही' हे शब्द जाहिरातीत मावत नाहीत. डाळिंबाचा रस विकणाऱ्या एका बड्या अमेरिकन कंपनीने हृदयविकार व पौरुषग्रंथीचा कर्करोग यांवर आपला रस गुणकारी असल्याचे सुचवले; तेथील संघीय व्यापार आयोगाने २०१३ मध्ये त्यास बंदी केली आणि २०१५ मध्ये न्यायालयाने ती मुख्यतः कायम ठेवली. हीच कंपनी त्याच सुमारास एका जगप्रसिद्ध शीतपेय कंपनीवर फिर्याद घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती, कारण त्या कंपनीच्या 'डाळिंब व ब्लूबेरी' नावाच्या पेयात डाळिंबाचा रस होता ०·३ टक्के आणि ब्लूबेरीचा ०·२. बाकी बहुतेक सफरचंद व द्राक्षे. चोराच्या घरी चोरी झाली की गावाला खरी बातमी कळते, तसा हा प्रकार. आमच्या सोलापूरचा डाळिंब-उत्पादक मात्र दोन्हींकडून नाडला जातो: त्याच्या फळाचा भाव पडतो आणि त्याच्या फळाच्या नावाने दुसऱ्याचे सरबत महाग विकले जाते.

येथवर वाचून कोकणातील आणि गोव्यातील वाचक स्वतःची पाठ थोपटून घेत असतील, तर त्यांनी हात खाली घ्यावा. परदेशी फळांत मँगोस्टीनच्या रसाची महती मोठी. ते झाड आपल्या रातांब्याचे, कोंकणीतल्या भिरंडाचे, सख्ख्या कुळातले. ते फळ बाटलीत भरून जांभळे अमृत होते, हे पाहिल्यावर आपल्या काही उद्योजकांस वाटले की आपण तरी मागे का राहावे? आता कोकमाच्या बाटलीवरही चरबी वितळवण्याचे वचन छापलेले दिसते. त्याचा आधार म्हणजे कोकमाच्या सालीतील हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल. याच आम्लाची मलबारी चिंचेच्या अर्कातून दिलेली मात्रा न्यूयॉर्कमध्ये १३५ स्थूल माणसांवर बारा आठवडे तपासली गेली. १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यांचे वजन अधिक उतरले नाही. आणि ज्याला आपण अमृत कोकम म्हणतो त्यात सालीला सुटलेल्या रसापेक्षा साखरेचा भार अधिक असतो, हे ते घरी करणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. चरबी वितळवायला साखरेचा पाक!

आम्हांला सोलकढी प्रिय आहे. आगळ घालून केलेले सार जेवणानंतर घेण्यात जे सुख आहे त्याला कोणत्याही चाचणीचा आधार लागत नाही. तेवढेच सांगून ते विकावे. पाहुण्याला पाणी देताना त्याच्या हाती गूळ ठेवणाऱ्या प्रांताने त्याच्या हाती खोटे आश्वासन ठेवू नये.

नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी, या समजुतीचा बळी पाहायचा असेल तर आणखी थोडे दक्षिणेस जावे लागेल. बिंबलांचे झाड गोव्यात व मलबारात घरोघर असते. आमटीत, लोणच्यात, माशांच्या कालवणात दोनचार बिंबलां पडली तर कोणाचे काही बिघडत नाही; शेकडो वर्षे बिघडलेले नाही. केरळात मात्र काही लोकांनी कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी त्यांचा घट्ट रस काढून पिण्यास आरंभ केला. त्या फळात ऑक्झॅलिक आम्ल फार. २०१३ मध्ये तेथील वैद्यांनी दहा रोग्यांची हकिगत प्रसिद्ध केली: दहाही जणांची मूत्रपिंडे एकाएकी बंद पडली होती आणि सात जणांचे रक्त यंत्राने शुद्ध करावे लागले. बिंबलांचेच भावंड जे करमल, त्याने तर मूत्रपिंडाच्या जुन्या रोग्यांस न थांबणारी उचकी, भ्रम आणि मृत्यूही आल्याच्या नोंदी आहेत. दुधीचा रस ही दुसरी हकिगत. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीच्या रसाने एक शास्त्रज्ञ दगावल्यावर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने समिती नेमली, आणि समितीने सांगितले ते आमच्या आज्यांना माहीत होते: दुधीचा तुकडा आधी जिभेवर लावून पाहा, कडू लागला तर फेकून द्या. भाजी करणारी बाई फोड चाखते. यंत्रात रस काढून नाक दाबून पिणारा चाखत नाही. औषध म्हणून घेतलेली वस्तू कडूच असायची, असा त्याचा समज असतो, आणि समज जिभेपेक्षा बलवत्तर ठरतो.

फळ खाणे आणि फळाचा रस पिणे यांत जो भेद आहे तो हाच. दात, जीभ आणि पोट ही तीन पहारेकऱ्यांची चौकी फळाला ओलांडावी लागते. रसाला ती लागत नाही. एका बैठकीत चार संत्री खाणारा विरळा, चार संत्र्यांचा पेला रिचवणारे बाड्यावरच्या प्रत्येक रसाच्या गाड्यापाशी उभे असतात. चोथा गेला की साखर मोकळी झाली. डाळिंबाच्या वा द्राक्षाच्या शंभर मिलिलिटर रसात बारा ते पंधरा ग्रॅम साखर असते. ज्या काळ्या शीतपेयाला आपण मुलांच्या हातून हिसकावून घेतो त्यात साडेदहा. अमेरिकेतील १,८७,३८२ परिचारिका व वैद्यकीय व्यावसायिकांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अख्खी फळे, त्यातही ब्लूबेरी, द्राक्षे व सफरचंदे, खाणाऱ्यांना मधुमेह कमी झाला आणि रस पिणाऱ्यांना अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये रसातील साखर ही मिठाईतल्या साखरेच्याच खात्यात मांडली. २०२४ मध्ये आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही रसाऐवजी फळ खा, असेच सांगितले; आणि त्याच वर्षी केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, घट्ट अर्कात पाणी मिसळून केलेल्या रसावर 'शंभर टक्के फळांचा रस' असे छापू नये, असा आदेश काढला. इतकी वर्षे काय छापले जात होते, हे त्यावरून उमगावे.

मुलाच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. माडीवरच्या त्या बाटलीतून सकाळ-संध्याकाळ जे टोपणभर पितात त्यात साखर फारशी जात नाही. पण मग दुसरेही फारसे काही जात नाही. क जीवनसत्त्व हवे असेल तर प्रौढ पुरुषाची गरज रोजची ८० मिलिग्रॅम, स्त्रीची ६५. आवळ्यात शंभर ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅम असल्याचे जुने कोष्टक सांगे. २०१७ च्या नव्या मोजणीत ते अडीचशेच्या आसपास भरले. कमी झाले म्हणून रडण्याचे कारण नाही, एक बरा आवळा अजूनही दिवसाची गरज भागवतो, आणि पेरू तर दोनशेच्या वर आहेच. उरलेले शरीर मूत्रावाटे टाकून देते. लष्करच्या बाजारात उन्हाळ्यात फालसा येतो, पावसाच्या तोंडावर जांभूळ येते, थंडीत पेरू व आवळा. बाटलीच्या किमतीत घरभर पुरतील.

"पण आम्हांला गुण आला," हे उत्तर आम्ही माडीवर तीनदा ऐकले. आला असेलही. महागडी वस्तू विकत घेतलेला मनुष्य त्याच आठवड्यात भजी सोडतो, सकाळी चालायला जातो, वेळेवर निजतो; आणि श्रेय बाटलीला मिळते. सांधे कधी दुखतात, कधी आपोआप राहतात. ज्यांना गुण आला ते माडीवर येऊन बोलतात. ज्यांची बोटे गेली ते खाली ओसरीत पडून असतात. त्यांना कोणी वर बोलावीत नाही.

डॉक्टर तरी लुटत नाहीत का, हाही प्रश्न झाला. लुटणारे आहेत, आम्ही नाकारीत नाही. परंतु डॉक्टरच्या गोळीवर तिचे नाव, मात्रा आणि मुदत लिहिलेली असते, ती चुकली तर दाद मागण्याची जागा असते. येथे कोणाकडे दाद मागायची? १९५४ च्या कायद्याने मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, मोतीबिंदू अशा रोगांवर उपाय म्हणून औषधाची जाहिरात करणे गुन्हा ठरवले आहे. कंपनीला हे पक्के ठाऊक असते. म्हणून बाटलीवर बारीक अक्षरात छापलेले असते की हे उत्पादन कोणत्याही रोगाच्या उपचारासाठी नाही. बाटली खरे बोलते. खोटे बोलण्याचे काम भाच्याकडे, जावयाकडे, शेजारच्या वहिनींकडे सोपवलेले असते. कायदा छापील शब्द धरतो, पंगतीनंतरच्या गप्पा धरीत नाही. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनी ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय घरी येऊन माल विकण्यास बंदी केली आहे. पण मुंजीला आलेल्या पुतण्याकडे ओळखपत्र कोण मागणार? या धंद्याचे भांडवल रस नाही, फळही नाही. आपल्या माणसांचा आपल्या माणसांवरचा विश्वास हे त्याचे भांडवल आहे. परमुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तो विश्वास पिढ्यान्‌पिढ्या जपला, कारण दुसरे फारसे काही त्यांच्याजवळ नव्हते. दोनशे वर्षे लष्करात टिकलेली ही पुंजी आता कमिशनच्या भावाने मोडीत निघत आहे.

आत्याबाईंच्या प्रश्नाला आम्ही निघायच्या सकाळी उत्तर दिले. म्हटले, पोरावर विश्वास ठेवा, त्याच्या प्रेमावर ठेवा. पण जो तुमच्या गोळ्या सोडवतो त्याला आधी विचारा, या बाटलीवर तुला काय मिळते? त्या हसल्या. म्हणाल्या, "ते विचारलं असतं तर तो रडला असता रे." खरे आहे; मुलगा दुष्ट नाही. त्याच्या वरच्याने त्याला जे पाठ करून दिले ते तो म्हणतो, आणि स्वतःच्या आईलाही तोच रस पाजतो. मंडळींसमोर त्याला आम्ही काही बोललो नाही. नंतर एकट्याला गाठून आत्याबाईंचा पाय दाखवला आणि कंपनीच्या बाटलीवरचे बारीक अक्षर मोठ्याने वाचायला सांगितले. त्याने वाचले.

त्या कुटुंबाच्या ओळखीच्या एका मराठी मंडळाचे सभागृह अशा बैठकींना भाड्याने मिळते, असे आम्हांला तेथेच कळले. गणेशोत्सवाची, व्याख्यानांची, नाटकांच्या तालमींची ती जागा. सभासद नसल्याने आम्हांला ठराव मांडण्याचा अधिकार नाही. म्हणून मसुदा लिहून आमच्या चुलतभावाच्या हाती दिला आहे: रोग बरा करण्याचे वचन देऊन खाद्य वा पेय विकणाऱ्या कोणासही सभागृह देण्यात येऊ नये, मग तो सभासदाचा आप्त असो वा खुद्द सभासद, आणि फलकावर ग्राहक साहाय्याचा १९१५ हा क्रमांक कायम लावून ठेवावा. वार्षिक सभा वैशाखात आहे. सूचक म्हणून चुलतभावाने सही केली आहे. अनुमोदकाची जागा हे लिहीपर्यंत रिकामी आहे. कारण ज्या चौघांना विचारले त्यांपैकी तिघांच्या घरी बाटल्या आहेत आणि चौथ्याची सून त्या विकते.